लिव्हर काढणारे सर

सरांबद्दल दोन शब्द चांगले बोलायचे म्हटले तर अजूनही माझ्या कपाळावर आठी पडते. चार वर्षं मी ऑपरेशन थिएटरात त्यांच्या उजव्या हाताला उभी राहून हत्यारं दिली आणि चार वर्षं मनातल्या मनात त्यांना शिव्या घातल्या. तोंडावर घालायची सोय नव्हती, कारण शिव्यांचा सगळा मक्ता त्यांनी घेतलेला होता.

सुरतेत अवयवदान म्हटलं की लोकांना रस्ता आठवतो. पोलीस, सायरन, पेटी घेऊन पळणारा डॉक्टर आणि दुतर्फा उंचावलेले मोबाइल. सरांचं काम त्या पेटीच्या आधीचं. मेंदू कायमचा गेला आहे पण हृदय अजून चालू आहे, अशा माणसाच्या पोटातून लिव्हर सगळ्या नळ्यांसकट, कुठे ओरखडा न काढता, थंड करून बाहेर काढायचं. मग ते दुसऱ्या शहरात जायचं, तिथले मोठे डॉक्टर ते बसवायचे आणि पेपरात त्यांचे फोटो यायचे. आमच्या सरांना हॉस्पिटलातले बाकीचे डॉक्टर पाठीमागे 'पेटीवाले' म्हणायचे. सरांना ते माहीत होतं, आणि ते त्या सगळ्यांना तोंडावर काय म्हणायचे ते इथे लिहिता येण्यासारखं नाही.

माझ्या पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "कुठली तू?"

"उधन्याची, सर."

"मूळ?"

"शिरपूरकडची. वडील कापडाच्या मागावर कामाला होते."

"मग आजपासून तुझं नाव उधना," ते म्हणाले. पुढची चार वर्षं मी 'उधना' होते. "ए उधना, कैची. उधना, झोपलीस का? उधना, हे हात देवाने काय नुसत्या बांगड्या भरायला दिलेत?" ते स्वतः खानदेशातल्या शाळामास्तरांचे चिरंजीव, लहानपणी सुरतेत आलेले, म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत शिकलेले. वॉर्डात गुजराती, भूल देणाऱ्या बेनशी हिंदी आणि टाळकं फिरलं की अहिराणी. थिएटरात अहिराणी ऐकू आली की मी मान खाली घालून हत्यारं मोजायला लागायचे, कारण ती समजणारी तिथे मी एकटीच असायचे. बांगड्यांवरून बोलले त्या दिवशी मी कपडे बदलायच्या खोलीत जाऊन रडले. बदलीचा अर्ज मी तीनदा लिहिला आणि तीनदा फाडला. बाईमाणसाच्या हातांबद्दल असं बोलणाऱ्याला मी आजही माफ केलेलं नाही.

पण त्यांचं काम बघितलं की अर्ज फाडावासा वाटायचा, हीच मोठी पंचाईत होती.

चाकू लावायच्या आधी ते सगळ्यांना टेबलाभोवती उभं करायचे. डॉक्टर, नर्स, भूल देणाऱ्या बेन, फरशी पुसणाऱ्या मावशी, सगळे. आणि विचारायचे, "नाव काय?" प्रत्येकाने त्या झाकलेल्या माणसाचं नाव मोठ्याने घ्यायचं. एका नव्या डॉक्टरने एकदा 'डोनर' म्हटलं. सर म्हणाले, "डोनर तुझ्या घरी. याला आईबापाने नाव ठेवलंय. ते पाठ करून ये." त्याला बाहेर काढलं आणि नाव पाठ करून आल्याशिवाय आत घेतलं नाही. तो हसत हसत बाहेर गेला होता, पण परत आला तेव्हा हसत नव्हता.

लिव्हर थंड ठेवायला बर्फाचा बारीक चुरा लागतो. त्यासाठी हॉस्पिटलाने यंत्र घेतलं होतं. सरांचा यंत्रावर विश्वास नव्हता. त्यांनी घरून खलबत्त्यातला स्टीलचा बत्ता आणला, तो हत्यारांबरोबर निर्जंतुक करून घ्यायचे, आणि गोठवलेल्या सलाइनच्या पिशव्या जाड कापडात गुंडाळून त्यावर तो दाणदाण आपटायचे. यंत्राच्या बर्फात खडे राहतात, खडा लिव्हरला टोचतो, असं त्यांचं म्हणणं होतं. तो आवाज दोन मजले ऐकू जायचा. खालच्या मजल्यावरच्या पेशंटांना वाटायचं वर फरशी फोडतायत. तक्रारी आल्या तर सर म्हणाले, "तुमच्या लेकराला लिव्हर लागेल तेव्हा मी बत्ता हळू मारीन."

त्यांनी एकदा शनिवारी दुपारी डब्यातून बोकडाचं लिव्हर आणलं. नवीन डॉक्टरांना आणि आम्हाला त्यावर शिकवायला. थिएटरातले निम्मे लोक कांदासुद्धा न खाणारे. एका डॉक्टरबेनने नाकाला ओढणी लावली आणि म्हणाली की सर, हे आमच्यात चालत नाही. सर म्हणाले, "सकाळी माणसाच्या पोटात कोपरापर्यंत हात घातलास तो चालला?" दुसऱ्या दिवशी लेखी मनाई आली. मग पुढे वर्षभर आमची शाळा पार्किंगच्या शेडमध्ये, जुन्या स्ट्रेचरवर भरायची. बोकडाचं का असेना, पण लिव्हर हातात किती निसरडं असतं, नुसत्या बोटाच्या दाबाने कसं फाटतं, हे मी त्या शेडमध्ये शिकले. बांगड्यांवरून मला बोलणाऱ्या त्या माणसाने मला नर्स असूनही रक्तवाहिनी शिवायला शिकवली.

आणि ते बोट. लिव्हरकडे तीन नळ्यांची जुडी जाते. पित्ताची नळी, मोठी शीर आणि धमनी. बहुतेकांची धमनी समोरून जाते. पण काही माणसांत उजव्या बाजूची धमनी भलत्याच फांदीवर उगवते आणि जुडीच्या मागून, लपून वर चढते. ती कापली गेली तर अर्ध्या लिव्हरला रक्त नाही. डोळ्यांना ती दिसत नाही. जुडीच्या मागे बोट घालून हलकं दाबलं तर ठोका लागतो. आणि हा ठोका हृदय चालू आहे तोवरच लागणार. एकदा मोठी धमनी चिमट्यात पकडून रक्त थांबवलं, थंड पाणी सोडलं, की मग ठोका कसला. म्हणून सर चिमटा लावण्याआधी सगळं थांबवायचे, बोट घालायचे, डोळे मिटायचे. मग बाजूला होऊन मला म्हणायचे, "उधना, घाल बोट." मीही घालायचे. दोघांनी वेगवेगळं, मोठ्याने सांगायचं, आहे की नाही. एकाच बोटाला आपलाच ठोका लागू शकतो, असं ते म्हणायचे. नर्सचं बोट पोटात कशाला, म्हणून बाहेरचे डॉक्टर तोंड वाकडं करायचे. सर त्यांना उत्तरही द्यायचे नाहीत.

सगळे अवयव निघाले की बाकीच्यांना घाई सुटायची. पेट्या धावायच्या आणि त्यांच्यामागे माणसं धावायची. टेबलावर उघडं पडलेलं शरीर शिवायचं काम कुणीतरी शिकाऊ डॉक्टर जाडजूड टाक्यांनी उरकायचा, सगळीकडे असंच चालतं. आमच्याकडे सर स्वतः शिवायचे. गळ्यापासून खालपर्यंत, बारीक, आतल्या आत टाके, जिवंत माणसाला घालतात तसे. वर सदरा घालून बटणं लावायचे. कितीही उशीर झाला तरी त्यांच्याआधी कोणी थिएटर सोडायचं नाही.

तेरावं झालं की ते त्या माणसाच्या घरी जायचे. हॉस्पिटलाला हे मुळीच आवडत नव्हतं. नियम असा, की कोणाचं काय कोणाला गेलं हे सांगायचं नाही. सर नावगाव सांगायचे नाहीत, पण चाललं की नाही ते सांगायचे. उधना-लिंबायतच्या खानदेशी वस्तीत जायचं असलं की मला बरोबर घ्यायचे, कारण घरातल्या बायका त्यांच्यासमोर तोंड उघडायच्या नाहीत. जमिनीवर मांडी घालून बसायचे, काळा चहा प्यायचे आणि सांगायचे, "मूत्रपिंडं दोन्ही चाललीत. लिव्हर चाललं नाही, चौथ्या दिवशी बंद पडलं." मला हे ऐकवायचं नाही. मी एकदा परत येताना चिडून म्हटलं, "सर, त्या माउलीला हे सांगून काय मिळवलंत?" ते म्हणाले, "तिने पोटचं दिलं, आणि त्याचं पुढे काय झालं हे तिला सोडून सगळ्यांना माहीत असावं?"

आता त्या दिवसाबद्दल.

पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, काम करणारा एक माणूस हायवेवर मोटारसायकलवरून पडला. उधन्यात राहायचा, आमच्या गल्लीपासून दहा मिनिटांवर. डॉक्टरांच्या समितीने दोनदा तपासून मेंदू मृत झाल्याचं सांगितलं. त्याच्या बायकोने, लताबाईंनी, सही केली. त्यांची सासू शेजारी बसून नुसती विचारत होती, "मन्हा पोर्‍या कोठे तरी जिवत राही ना?" माझा मुलगा कुठेतरी जिवंत राहील ना, एवढंच. आमचे सगळे तिला हो, हो म्हणत होते.

यावेळी लिव्हर बाहेर जाणार नव्हतं. आमच्याच हॉस्पिटलात पहिल्यांदा बसवायचं होतं, एका चित्रकलेच्या शिक्षकांना. ते बसवायला बाहेरून बडे पाहुणे सर्जन आले होते. पाच वाजता पत्रकारांना बोलावलेलं. व्यवस्थापकांनी सकाळीच सरांना सांगितलं की काढायचं कामही पाहुणेच करतील, तुम्ही मदतीला राहा. मला वाटलं आता थिएटरचं छप्पर उडणार. सर फक्त म्हणाले, "ठीक."

नाव घेणं पाहुण्यांना नको होतं, तरी सरांनी एकट्याने घेतलं. बत्ता त्यांनी वाजवला. पाहुण्यांचा हात भराभर चालत होता, खोटं कशाला बोलू, सुंदर हात होता. चिमटा मागितला तेव्हा सर म्हणाले, "एक मिनिट, मागची बघू द्या." पाहुण्यांनी घड्याळाकडे पाहिलं. सरांनी बोट घातलं, डोळे मिटले.

"आहे," ते म्हणाले. "उधना."

मी घातलं. मऊ, गरम, आणि बोटाच्या पेराखाली स्पष्ट ठोका. "आहे," मी म्हटलं.

पाहुणे मास्कच्या आतून हसले. "अब नर्स बताएगी? अरे भाई, सामनेवाली का ही धक्का है. मैंने यही काम किया है ज़िंदगीभर." आणि चिमटा लावला. थंड पाणी सुटलं, पोटात भराभर बर्फ पडला. ठोका गेला. कापताना सर दोनदा म्हणाले, "मागे जपून, मागे जपून." पाहुण्यांनी कापलं.

लिव्हर बाजूच्या टेबलावर बर्फात ठेवलं तेव्हा मागे कापलेल्या धमनीचं उघडं तोंड दिसत होतं, तांदळाच्या दाण्याएवढं. पाहुण्यांनी ते पाहिलं, सरांकडे पाहिलं, म्हणाले, "जोड दो," आणि वरच्या थिएटरात शिक्षकांचं पोट उघडायला निघून गेले. सर तासभर भिंगाचा चष्मा लावून, केसाहून बारीक दोऱ्याने ते तोंड दुसऱ्या फांदीच्या बुंध्याला जोडत बसले. एक शिवी नाही. मी घाम पुसत होते. मग लिव्हर वर पाठवून ते त्या मिलमधल्या माणसाला शिवायला बसले. खाली पाच वाजता टाळ्या झाल्या.

चौथ्या दिवशी तो जोड गुठळीने बंद पडला. दुसरं लिव्हर मिळालं नाही. नवव्या दिवशी शिक्षक गेले.

चौकशी बसली. पाहुण्यांनी लिहून दिलं की धमनी जन्मतःच विचित्र होती आणि स्थानिक सर्जनचा जोड कच्चा निघाला. मला व्यवस्थापकांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. "बेन, तमे तो घरना माणस छो," म्हणाले. तुम्ही तर घरचं माणूस. समोर छापील कागद होता, त्यावर एकच प्रश्न: चिमटा लावण्यापूर्वी मागच्या धमनीबद्दल कोणी काही बोललं होतं का? मी लिहिलं, 'आठवत नाही.' खाली सही केली.

माझा करार मार्चमध्ये संपत होता, हे एक कारण. दुसरं सांगायला लाज वाटते, पण सांगते. चार वर्षांच्या बांगड्या मला आठवत होत्या. त्या माणसाने एकदा कुणासमोर तरी मान खाली घातलेली मला बघायची होती. चहा पिताना मला ते बरंसुद्धा वाटलं होतं. त्या बाईचा, म्हणजे माझाच, आज मला इतका संताप येतो की आरशात बघू नये असं वाटतं.

सरांना काढायचं ठरलं. महिन्याची मुदत दिली. त्याच आठवड्यात ते वॉर्डात आले आणि म्हणाले, "उधना, चल. तेरावं झालं." माझा कागद त्यांनी वाचला होता, चौकशीत तो त्यांच्यासमोर ठेवला होता. त्यांनी त्याचा विषय काढला नाही. मी नाही म्हणू शकले नाही, म्हणून गेले.

लताबाईंची एकच खोली. भिंतीवर हॉस्पिटलाने दिलेला मोठा बॅनर, नवऱ्याचा फोटो, खाली गुजरातीत लिहिलेलं की ते कोणाच्या तरी देहात अमर आहेत. खाटेवर सासू, दाराशी दीर. सर खाली बसले. चहा आला. म्हातारीने विचारलं, "लिव्हर चालस ना, बाबा?"

"नही, माय," सर म्हणाले. "बंद पडनं. ज्याले लायं तो बी गया. आमना हाते चुकनं."

आमच्या हातून चुकलं. त्यांनी 'आमच्या' म्हटलं, पाहुण्यांचं नाव घेतलं नाही. म्हातारी खाटेवरून उठायला धडपडू लागली. दीर उठला, त्याने व्यवस्थापकांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. पलीकडून शांत आवाज आला: डॉक्टरांना हलगर्जीपणासाठी कामावरून काढलं आहे, त्यामुळे ते काहीही बोलतात, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, लिव्हर अगदी चांगलं चालू आहे.

लताबाई माझ्याकडे वळल्या. "ताई, तुम्ही आमन्याच. तुम्ही तठे व्हत्यात. खरं काय ते सांगा."

तीन माणसं माझ्याकडे बघत होती. सर बघत नव्हते, ते कपातल्या चहाकडे बघत होते. मी म्हटलं, "फोनवर साहेब सांगतायत तेच बरोबर आहे."

दिराने सरांचा दंड धरून त्यांना बाहेर काढलं. लताबाईंनी दार लावलं. गल्लीत माग खडखडत होते. सर वाकून चपला शोधत होते. मी म्हटलं आता बोलतील, आईवरून बोलतील, बांगड्यांवरून बोलतील. मी तयार उभी होते. चपला सापडल्यावर ते म्हणाले, "इथे रिक्षा कुठे मिळते गं?" एवढंच. त्यांनी तेव्हा दोन शिव्या घातल्या असत्या तर मी आज थोडी सुखात असते, आणि मला वाटतं हे त्यांनाही कळलं असणार.

ते खानदेशात निघून गेले. एका तालुक्याच्या दवाखान्यात हर्निया आणि अपेंडिक्स काढतात असं कळलं. नंबर माझ्याकडे होता. लावला कधी नाही. माझा करार मार्चमध्ये वाढला.

आणि मग दरवर्षी सत्कार. हॉस्पिटलच्या सभागृहात अवयव देणाऱ्यांच्या घरच्यांना बोलवायचं, शाल, नारळ, फोटो. तबक धरून उभी राहणारी मीच, कारण मला मराठी कुटुंबांशी बोलता येतं. लताबाई सासूला हाताला धरून आणायच्या. म्हातारी पहिल्या रांगेत बसायची आणि शेजारच्या कुणालाही सांगायची, "मन्हा पोर्‍या कोठे तरी जेवस." कुठेतरी जेवतोय तो. शाल पांघरायची आणि वर बघून हसायची. मी तबक घेऊन तिच्यासमोर उभी, आणि शेजारी व्यवस्थापक हात जोडून. त्या हात जोडण्याकडे बघितलं की तबक त्यांच्या डोक्यात घालावंसं वाटायचं. पण मी नारळ पुढे करायचे. तीन वर्षं केला.

यंदाच्या सत्काराला लताबाई आल्या नाहीत. नंतर एका मंगळवारी दुपारी वॉर्डात आल्या, एकट्याच. हातात प्लास्टिकची पिशवी. मी त्यांना चादरींच्या खोलीत नेऊन बसवलं. त्यांनी पिशवीतून शाली काढल्या, घड्या न मोडलेल्या, आणि माझ्या मांडीवर ठेवल्या.

"सासूबाई गयात," त्या म्हणाल्या. "आते ह्या नको."

मी शालींच्या घड्या सरळ करत बसले.

"ताई, माले तवयच समजनं व्हतं. डॉक्टर खरं बोलना. तुमना डोया दखीसन समजनं. पण माय समोर बठेल व्हती. तिले जगनं व्हतं. म्हणीसन मी दार लायं." माझे डोळे बघूनच त्यांना तेव्हा कळलं होतं. त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "आते माय नही. आते माले पुरं सांगा. मन्हा माणूसना लिव्हरनं काय झायं?"

मला सांगता येईना. मी फोन काढला, इतकी वर्षं न लावलेला नंबर लावला आणि आवाज मोठा करून फोन शालींवर ठेवला. सरांनी उचलला तेव्हा मागे कुणावर तरी ओरडत होते. मी म्हटलं, "सर, उधना." ते म्हणाले, "बोल." मी म्हटलं, "लताबाई आल्यात."

"डॉक्टर," लताबाई फोनकडे वाकून म्हणाल्या, "त्या दिन तुम्ही सांगी ऱ्हायन्तात आणि मी दार लायी लिधं. आते पहिलेपाईन सांगा."

सरांनी पहिल्यापासून सांगितलं. घरच्या बोलीत, सावकाश, काही न गाळता. नाव घेतलं ते सांगितलं. मागची धमनी कशी असते, बोट कसं घालतात, ते सांगितलं. पाहुण्यांनी ऐकलं नाही, कापलं, आपण जोडलं, आपला जोड चार दिवसच टिकला, ते सांगितलं. जोडताना आपला हात जरा थकलेला होता, हेसुद्धा सांगितलं, जे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. "ही सिस्टर शेजारी व्हती," ते म्हणाले. "तिन्ही बी बोट टाकं. एवढा मोठा माणूस समोर, तरी 'आहे' म्हणे. तिन्हं बोट खरं व्हतं."

लताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग फोनला विचारलं, "मंग चौकशीमा तुमनी बाजूनं कोणीच बोलनं नही?"

या माणसाने पोर गेलेल्या आईसमोरसुद्धा कधी शब्द गाळला नव्हता. आता ते म्हणाले, "कोणले इचारंच नही, माय. त्या सिस्टरले बी कोणी इचारं नही."

मला इतका राग त्यांनी आयुष्यात कधी आणला नव्हता. बांगड्यांवरून बोलले तेव्हाही नाही. माझ्यासाठी खोटं बोलायचा, माझ्यावर दया करायचा यांना काय अधिकार होता? मी शालींवरचा फोन उचलला.

"सर, तुम्ही गप्प बसा," मी म्हटलं. तसाच फोन चालू ठेवून मी लताबाईंकडे तोंड केलं आणि सांगितलं की मला विचारलं होतं, छापील कागदावर विचारलं होतं, आणि मी 'आठवत नाही' असं लिहून दिलं.